अंबाजीचा हात, ताजुद्दीनचा कान

तुमच्या बहिणीसोबत काढलेला तुमचा एक जुना फोटो आहे का? मोबाइलमधला नको, कागदावरचा. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा, दोघांची तोंडं स्वच्छ दिसणारा. ‘असेल की कुठंतरी’ म्हणून बसून राहू नका. उठा, ट्रंक उघडा, शोधा.

नाही ना सापडला? मग ती तुमची बहीण आहे, हे कशावरून?

राग आला असेल तर येऊ द्या. परंदवडीच्या अंबाजीलाही आला होता. पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात, एसीच्या खोलीत, टेबलापलीकडं बसलेल्या सात माणसांनी त्याला हाच प्रश्न विचारला. त्याच्याकडं ट्रंक होती, पण ट्रंकेत फोटो नव्हता. म्हणून त्याची बहीण आजही आठवड्यातून तीन वेळा मशीनला लागते, आणि तो दोन धडधाकट किडन्या पोटात घेऊन गुलाबाच्या कळ्या तोडत बसलाय.

अंबाजी एकोणपन्नास वर्षांचा आहे. दीड एकर भात, आणि सकाळची पाळी गावाजवळच्या गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत काट्यांचे ओरखडे. उजव्या हाताचं मधलं बोट अर्धंच. सतराव्या वर्षी कडबाकुट्टीत गेलं. बोलतो कमी. पण एकदा जे बोलला ते मागं घेत नाही, समोर तहसीलदार असो नाहीतर यमराज. या एका गुणापायी सगळं रामायण झालंय.

त्याचा जन्म शहात्तरचा. बाळंतपणानंतर त्याच्या आईला ताप भरला तो दोन महिने उतरला नाही, अंगावरचं दूध आटलं. भिंतीला भिंत लागून नूरबीचं घर. नूरबीच्या पदरात तेव्हा दोन महिन्यांची मेहमुदा होती. अंबाजीचे वडील कोंडाजी पोराला फडक्यात गुंडाळून दारात उभे राहिले. नूरबी म्हणाली, “आना हिकडं. रडवताय कशाला त्याला?” संपलं. ना कुणी पंचायत बसवली, ना कुणी जात काढली. पुढं दीड वर्ष एका मांडीवर मेहमुदा, दुसऱ्या मांडीवर अंबाजी.

नूरबीच्या घरात याला नियम होता, आणि तो नुसता मायेचा नव्हता, धर्माचा होता. एका बाईच्या अंगावर प्यालेली पोरं बहीणभाऊ. त्यांचं आपसात लग्न होऊ शकत नाही. म्हणजे बघा, लग्नाला बंदी येण्याइतकं हे नातं जवळचं. आणि किडनीच्या फॉर्मवर? तिथं या नात्याला चौकोनच नाही.

मेहमुदाचं लग्न झालं २३ मे १९९९ला, रविवारी, परंदवडीतच, नूरबीच्या दारात मांडव घालून. नवरा लोणावळ्याचा ताजुद्दीन. बाजारात त्याची टपरी आहे, छत्र्या दुरुस्त करतो आणि बॅगांच्या चेना बसवतो. लोणावळ्यात या धंद्याला मरण नाही; पर्यटक छत्री आणतात नवी आणि भुशी डॅमच्या वाऱ्यात उलटी करून आमच्याकडं टाकून जातात. माझी कागदांची पिशवीही नऊ वर्षं तोच जिवंत ठेवतोय. माझी या माणसांशी ओळख ती अशी, पिशवीच्या चेनपासून.

त्या लग्नात निकाह झाला आणि अंबाजी उठून म्हणाला, “कानपिळी ऱ्हायली.”

आपल्याकडं नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजावतो, आणि नवरदेव त्याला टॉवेल-टोपी देतो. निकाहमध्ये हे कुठून येणार? ताजुद्दीनच्या मामांनी डोळे वटारले. मौलवीसाहेब म्हातारे होते, तळेगावचे. ते हसत म्हणाले, “करू द्या. भाऊ आहे, त्याचा हक्क आहे.” अंबाजीनं सेहरा बाजूला सारून ताजुद्दीनचा डावा कान असा पिळला, की बिचारा अजून सांगतो, “ताई, पाऊस लागला की तो कान ठणकतो. टोपी देऊनसुद्धा सोडला नाही यानं.”

“दाजी, टोपी लय हलकी व्हती,” अंबाजी म्हणतो.

हे एवढं सविस्तर सांगतेय त्याला कारण आहे. पुढं या कानाचंच काम पडणार आहे.

मेहमुदाच्या किडन्या गेल्या त्या बीपीमुळं. २०१९ला कळलं, दोन वर्षांपूर्वी डायलिसिस लागलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार लोणावळ्याहून लोकलनं तळेगाव, चार तास मशीन, परत लोकल. डाव्या हातावर सुया टोचायला केलेली जोडशीर दोनदा बंद पडली. डॉक्टर म्हणाले, आता उजवा हात. त्यानंतर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

घरातल्यांच्या तपासण्या झाल्या. ताजुद्दीनला साखर. मुलगा शादाब, त्याचा रक्तगट जुळत नाही. मुलगी समरीनचा जुळतो, पण ती सहा महिन्यांची गरोदर. नर्सनं समरीनचं नाव काढलं तेव्हा मेहमुदानं तिला सांगितलं, “पोरीच्या अंगाला सुरी लागली तर म्या मशीनला यायची न्हाई. लिवून घ्या.”

अंबाजीनं कुणाला विचारलं नाही. पॉलिहाऊसला सुट्टी टाकली, एकटा पुण्याला गेला, रक्त देऊन आला. जुळलं. मग तिसऱ्या दिवशी मेहमुदाच्या पलंगाशेजारी उभा राहून म्हणाला, “माझी घे.”

“तुझी घिऊन तुझ्यावानी हट्टी हू का आता?”

“आधीच हाईस.”

“आंब्या, रतनला इचारलंस का?”

अंबाजी खिडकीतून बाहेर बघायला लागला. रतन म्हणजे रतनबाई, त्याची बायको. तिला विचारलं नव्हतं. तिला कळलं ते रक्ताच्या रिपोर्टचा कागद सदऱ्याच्या खिशासकट धुवायला गेला तेव्हा. त्या दिवशी परंदवडीत जे झालं ते अर्ध्या आळीनं ऐकलंय, मी पुन्हा सांगत नाही.

आता चूक. मोठी चूक, आणि ती आमचीच माणसं करू जाणोत.

हॉस्पिटलात अवयवांच्या कामाची एक मॅडम असते, फाइल तीच बनवते. तिनं विचारलं, “पेशंटशी नातं काय?”

“भाऊ.”

“सख्खे?”

“मंग काय सावत्र?”

मॅडमनं ‘जवळचा नातेवाईक’ या चौकोनात बरोबरची खूण केली. प्रतिज्ञापत्र टाइप झालं, ‘सदर रुग्ण ही माझी सख्खी बहीण आहे,’ आणि अंबाजीनं नोटरीसमोर झोकात सही ठोकली. पंधरा दिवसांनी जन्माचे दाखले आले. एकाची आई वेगळी, बाप वेगळा, आडनाव वेगळं, धर्म वेगळा. मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं. खोटं प्रतिज्ञापत्र! फाइल बंद. वर शेरा: नातं खोटं. एका डॉक्टरनं तर पोलिसांत कळवायची भाषा केली.

ताजुद्दीन ती फाइल घेऊन माझ्याकडं आला. मी वकील नाही. लोणावळ्याच्या एका हॉटेलात अकरा वर्षं चादरी बदलल्यात, आणि कायदा शिकले तो स्वतःच्या आईच्या हॉस्पिटलच्या बिलाशी भांडता भांडता. पण अवयवांचा कायदा मी ओळ न् ओळ वाचलाय, नियमांसकट. मी अंबाजीला बोलावून घेतला.

“अहो भाऊ, कायद्यात सख्खं म्हणजे रक्ताचं. आई, बाप, पोरं, सख्खी भावंडं, नवराबायको, आजीआजोबा, नातवंडं. दूधभाऊ त्यात नाही.”

“मंग त्यो कायदा चुकलाय.”

“चुकलेला असो नाहीतर बरोबर, तुम्ही खोट्या कागदावर सही केलीत.”

“खोटं काय लिवलंय त्यात? दावा मला.”

अर्धा तास! अर्धा तास मी या माणसापुढं कपाळ बडवलं. शेवटी म्हटलं, नवीन फाइल करू. रक्ताचं नातं नसेल तरी किडनी देता येते, मायेपोटी देतोय एवढं पटवावं लागतं. त्यासाठी समिती असते, तिच्यासमोर जावं लागतं. फॉर्मवर लिहू, ‘मानलेली बहीण’.

त्यावर तो असा उखडला की माझ्या टेबलावरचा चहा सांडला. “मानलेली? मानलेली म्हंजी त्ये गणपतीच्या वर्गणीला ताई ताई करत्यात तसलं? म्या न्हाई लिवायचो.”

पाच दिवस गेले या एका शब्दावर. तिकडं बाई मशीनला लागलेली आणि इकडं हा शब्दाला अडून बसलेला. शेवटी मेहमुदानंच फोनवर झापलं, “आंब्या, तुला भाऊ म्हणवून घ्यायचंय का मला जगवायचंय, एक काय त्ये ठरव.” मग लिहिलं, ‘दूधबहीण’. मॅडमच्या कॉम्प्युटरच्या यादीत तो शब्द नव्हता. तिनं ‘इतर’ निवडलं.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी कायद्यालाच शिव्या घालायला बसलेय. कायदा हवा. कडक हवा. बाहेरगावाहून कामाला आलेल्या एका पोराला त्याचा ठेकेदार ‘पाहुण्याला किडनी दे, पक्की नोकरी लावतो’ म्हणून घेऊन निघाला होता. त्या पोराला मी स्वतः तळेगाव स्टेशनवरून परत आणलंय. एका माणसाच्या अंगावर सुरी चालवायची ती दुसऱ्याच्या भल्यासाठी. ज्याला कापायचं त्याला काही झालेलं नाही, त्याला औषधाची गरज नाही, फायदा शून्य. अशा वेळी डॉक्टरनं दहादा विचारलंच पाहिजे, की बाबा, तुझ्या मनानं आलास की कुणी ढकललं? एवढं माझं मत आहे, आणि ते मी कुणाच्याही समोर सांगीन.

पण मला चीड येते ती याची, की त्या ठेकेदाराच्या फाइलीत सगळं होतं. पाहुण्याचा आणि पोराचा बागेतला फोटो, वाढदिवसाचा फोटो, एकमेकांना केक भरवतानाचा फोटो. दोघांचे शर्ट तिन्ही फोटोंत तेच, पण फोटो होते! खोट्याकडं अल्बम तयार असतो. अंबाजीसारख्याकडं काय असणार?

समितीची पहिली तारीख मिळाली. आम्ही पाच जणं गेलो. मेहमुदा, ताजुद्दीन, अंबाजी, मी आणि रतनबाई. हो, रतनबाई. समितीला देणाऱ्याच्या घरच्यांशी बोलावंच लागतं: तुम्हाला माहीत आहे का, नातं खरं आहे का, हरकत आहे का. ती गाडीत एक शब्द बोलली नव्हती. डब्यात मात्र सगळ्यांच्या भाकऱ्या होत्या, आणि मेहमुदाची भाजी बिनमिठाची, वेगळी.

आधी एका डॉक्टरीणबाईंनी अंबाजीला एकट्याला आत नेलं. दहा मिनिटांत तो बाहेर आला तो लालबुंद.

“ताई, हितनं चला. ही बाई मला खोटं बोलाय शिकवतीया.”

“काय झालं?”

“म्हनती, तुमच्या मनात नसंल तर मला सांगा. आमी बाहेर सांगू तपासणीत बसत न्हाई म्हणून. कुनाला कळायचं न्हाई. एकदा खोटं बोललो म्हून चार म्हैने चपला घासतोय, आन ह्या स्वतः खोटं बोलाय तयार!”

मी त्याला बाकावर बसवलं. म्हटलं, अहो, या अख्ख्या इमारतीत तुमच्याशी कुणी माणसासारखं वागलं असेल तर ती बाई. घरचे, भावकी, गाव सगळे मिळून एखाद्याला रेटतात, त्याला नाही म्हणायला तोंड राहत नाही. त्याला तिनं मागचं दार उघडं ठेवलंय. तुम्हाला जायचं नाही तर जाऊ नका, पण दाराला शिव्या देऊ नका.

अंबाजीनं त्या बाईंच्या दाराकडं एकदा वळून बघितलं. मग म्हणाला, “मंग रतनला इचारा म्हनावं तसं. तिला लय बरं वाटंल.”

मग समिती. मधे अध्यक्ष, चष्मा कपाळावर. प्रत्येकाशी बोलताना कॅमेरा चालू. अंबाजीनं सगळं नीट सांगितलं, नूरबी, दूध, शेजार. एका सदस्यांनी विचारलं, “तुम्हाला यातून काय मिळणार?”

“बहीन मिळंल.”

“पैसे, नोकरी, जमिनीचं काही?”

“टपरीवाल्या दाजीकडं जमीन कुटली, सायेब? छत्र्या हाईत. त्यापन फाटक्या.”

अध्यक्ष हसले. मला वाटलं, जमलं. मग त्यांनी विचारलं, “जुने फोटो?”

आम्ही लग्नाचा अल्बम पुढं सरकवला. बहात्तर फोटो. तीन रात्री जागून आम्ही तो चाळला होता. बहात्तरपैकी एकाही फोटोत अंबाजीचं तोंड नाही. कसं असणार? तो नवरीचा भाऊ! नवरीचा भाऊ फोटोला उभा राहतो का? एका फोटोत पंगतीवर झुकलेली पाठ, ती त्याची. एकात डाळीची बादली आणि धरणारं मनगट, ते त्याचं. एकात मांडवाच्या खांबामागून अर्धा पाय. आणि चव्वेचाळिसावा फोटो कानपिळीचा. त्यात ताजुद्दीन तोंड वेडंवाकडं करून ओरडतोय, मौलवीसाहेब हसतायत, मेहमुदा घुंगटातून बघतेय, आणि कान धरणारा हात अगदी ठसठशीत. हाताच्या मालकाचं डोकं फोटोच्या चौकटीबाहेर.

अध्यक्षांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “हा हात कुणाचा?”

अंबाजीनं उजवा हात टेबलावर ठेवला. अर्धं बोट वर. फोटोतही मधलं बोट अर्धंच आहे, कानाच्या पाळीवर ते नीट दिसतं.

सगळे वाकून बघायला लागले. फोटो बघत, हात बघत. तेवढ्यात कोपऱ्यातल्या एका सदस्यांनी, देव त्यांचं भलं करो, म्हटलं, “तळेगावच्या पट्ट्यात प्रेस मशीनवर बोटं गेलेले कितीतरी लोक असतील.”

खरं आहे. असतील. नवलाख उंबरे गावापासून इथपर्यंत कंपन्यांनी बोटं घेतलेल्यांची मी वेगळी यादी ठेवलीय. पण त्यातला कोण ताजुद्दीनचा कान पिळायला परंदवडीला आला होता? मी हे मोठ्यानं विचारलं. जरा जास्तच मोठ्यानं.

“तुम्ही कोण?” अध्यक्षांनी विचारलं.

“मी यांच्यासोबत आलेय.”

“नातेवाईक?”

“नाही.”

“मग तुमचा यात काय संबंध? फाइल तुम्ही बनवलीत का? अशा किती फाइली बनवता?”

माझ्या तेव्हा लक्षात आलं. यांना मी दलाल वाटले. मध्ये कुणी दलाल नाही ना, हे बघायचं कामही समितीचंच, आणि तो नियम मीच लोकांना शिकवत फिरते! माझं डोकं फिरलं. काय काय बोलले ते लिहीत नाही, बरंचसं छापण्यासारखं नाही. मला बाहेर काढलं, आणि नोंदीत लिहिलं, ‘सोबत मध्यस्थ महिला’. चूक माझी. हे वाक्य मी वर्षातून एकदा लिहिते, ते आज लिहिलं.

मग बाकीच्यांनाही बाहेर बसवून रतनबाईला एकटीला आत घेतलं. दार उघडंच राहिलं होतं, म्हणून तिचं सगळं मला बाहेरून ऐकू आलं.

“तुम्हाला माहीत होतं का?”

“रक्त दिऊन आल्यावर कळलं. कपडे धुताना.”

“तुमची हरकत आहे का?”

“व्हय. हाय.”

बाहेर बाकावर मेहमुदानं डोळे मिटले. ताजुद्दीन उठून उभा राहिला आणि परत खाली बसला.

“का हरकत आहे?”

“मला इचारलं न्हाई म्हून. पंचवीस वर्सं ह्यांच्या घरात भाकऱ्या थापतीया, पोरीचं शिक्षन हाय, भाताची कापणी हाय, ह्यो मानूस चार म्हैने वज्जं उचलनार न्हाई, आन मला कोन सांगतंय, तर सदऱ्याचा खिसा! हरकत हाय माझी. लिवा.”

“आणि नातं? ते खरं आहे?”

“खरं न्हाई तर? माज्या लग्नात वन्संनी मला अडवलं दारात, नाव घ्येतल्याबिगर आत सोडीना. पोरगी झाली तवा सव्वा म्हैना माझं न्हानंधुनं वन्संनी केलं. दर राखीला ह्यो मानूस लोनावळ्याला जातो आन मी घरी एकटी पुरन वाटती. अंदा मी बी गेलते. खरं हाय का म्हनं!”

“पैसे घेतलेत का यांनी?”

“घेतलं असतं तर मी एवढ्या लांब हिकडं उपाशी बसले असते व्हय? सायेब, देऊ द्या त्याला. न्हाई दिली तर ह्यो माझ्या घरात बसून मरंल रोज थोडा थोडा. पन माझी हरकत ती हरकत. दोनी लिवा.”

दोन्ही लिहा! यापेक्षा स्वच्छ जबाब कुठल्या वकिलानं दिलाय का, सांगा मला. नवऱ्याचं शरीर नवऱ्याचं हे तिला मान्य आहे, आणि त्याचा भार तिच्यावर येणार हेही तिला सांगायचंय. कायदा तिला नकाराचा अधिकार देत नाही. तिचं म्हणणं नोंदवा आणि ध्यानात घ्या, एवढंच सांगतो. ती नेमकं तेच मागत होती.

क्लार्कनं कागद फिरवून तिच्यापुढं सहीला ठेवला. रतनबाई सातवी शिकलीय. तिनं बोट ठेवून ठेवून वाचलं. एकच ओळ होती: ‘पत्नीची हरकत आहे.’

“बाकीचं कुटंय?”

“ते कॅमेऱ्यात आहे, बाई.”

“मंग कॅमेऱ्याची सही घ्या.”

आणि ती उठून आली. सही केली नाही. बाहेर येऊन मेहमुदाशेजारी बसली, डबा उघडला, म्हणाली, “वन्सं, खावा. गोळ्या घ्यायच्यात तुमाला.” मेहमुदानं तिचा हात धरला. रतनबाईनं तो झटकला आणि मग स्वतःच पुन्हा धरला.

निर्णय काय झाला? नकार नाही. होकार नाही. आम्ही अर्ज देऊन रतनबाईचा जबाब तिच्या शब्दांत पुन्हा लिहून घेतला, त्यावर तिनं सही केली; त्याला दोन महिने लागले. तो मुद्दा मिटला. त्या डॉक्टरीणबाईंनी अंबाजी स्वखुशीनं देतोय असं स्वच्छ लिहून दिलं. तोही मिटला. उरला फोटो. मोबाइलमधले राखीचे फोटो दाखवले, तर म्हणाले, हे सगळे २०१९ नंतरचे, म्हणजे पेशंट आजारी पडल्यानंतरचे; असे कुणीही काढेल. त्याआधी अंबाजीकडं बटणांचा फोन होता, त्यात कसला फोटो? सरपंचाचा दाखला दिला, तर म्हणाले, दाखले मिळतात. लग्नाचा फोटोग्राफर वडगावचा होता. त्याच्या दुकानाच्या जागी आता मोमोज मिळतात, आणि निगेटिव्हची पोती भंगारात गेली. मौलवीसाहेब वारले. नूरबी वारली. अंबाजीची आई वारली. ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं ती माणसं एकेक करून गेली आणि ज्यांनी पाहिलं नाही ती टेबलामागं बसलीयत.

“एखादा फोटो आणा,” अध्यक्ष म्हणाले. “यांचं तोंड दिसू द्या. मला तुम्हाला परवानगी द्यायचीय. पण उद्या कुणी विचारलं, तर मी हात दाखवू का?”

तो माणूस वाईट नाही. म्हणूनच जास्त चिडचिड होते. वाईट असता तर मोर्चा नेला असता.

पुढची तारीख येत्या महिन्याच्या अकराची आहे. मेहमुदाची आता उजव्या हाताची शीर चालू आहे. मागच्या शनिवारी मी तळेगावला गेले होते. ती मशीनला लागलेली, अंबाजी पायाशी स्टुलावर. सकाळची पाळी करून आलेला, अंगाला गुलाबाच्या औषधाचा वास.

“आंब्या, तवा फोटोला हुबा ऱ्हायला काय झालतं तुला?”

“डाळ कोन वाढनार व्हतं? तुझा सासरा? त्यानं तीनदा मागून घ्येतली.”

ती हसली तशी मशीननं कुर्रकुर्र आवाज काढला आणि नर्स धावत आली. “हसू नका ओ,” म्हणाली. अंबाजी त्यानंतर तासभर तोंड शिवल्यासारखा बसून राहिला, तिला हसू येऊ नये म्हणून.

त्या लग्नाला तीनशेच्या वर माणूस होतं. परंदवडीचं, सोमाटण्याचं, लोणावळ्याचं वऱ्हाड ट्रक भरून. नव्व्याण्णव साल होतं, काहीजणांकडं रिळाचे कॅमेरे आले होते. ताजुद्दीनला आठवतं, वऱ्हाडातल्या दोघातिघांच्या गळ्यात होते. त्यांतला कुणीतरी कानपिळीच्या वेळी पलीकडच्या बाजूला उभा असेलच. गर्दी हसत होती, तेव्हा कुणीतरी बटण दाबलंच असेल.

तो तुम्ही असाल, तुमचा बाप असेल, तुमची मावशी असेल. आज घरी ट्रंक काढा, कपाटावरची पेटी काढा, गादीखालची पाकिटं काढा. २३ मे १९९९, परंदवडी. मांडव निळा-पांढरा होता, नवरदेवाच्या अंगात बदामी शेरवानी, कान डावा. अंबाजीचं तोंड दिसणारा एक फोटो सापडला, मग तो कितीही पिवळा पडलेला, वाळवीनं कुरतडलेला, अर्धा फाटलेला असला तरी चालेल, तर अकरा तारखेच्या आत लोणावळ्याच्या बाजारात ताजुद्दीनच्या टपरीवर आणून द्या.